झिजलेला ठसा आणि ‘दुर्मीळ’ नाणी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात फूलबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्ये बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



काल याच मांडवात नाट्यगीते झाली, उद्या पाककलेची स्पर्धा आहे. या दोन्हींच्या मध्ये आमचे नाण्यांवरचे बोलणे ठेवून कार्यकारिणीने मोठे धाडसच केले आहे. तेव्हा थोडे सांभाळून घ्यावे.

आम्ही म्हणजे ग्वाल्हेरात जुनी नाणी जमवणारे पाच-सहा जण. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणाचे सराफ्यात दुकान, कोणी मास्तर. महिन्यातून एखाद्या रविवारी भेटतो, चहा पितो, एकमेकांची नाणी भिंगाखाली धरतो आणि भांडतो. या मंडळींत यंत्रशाखेची पदविका घेतलेले आणि सरकारी नोकरीत लोखंडाशी रोजचा संबंध असलेले आम्हीच, म्हणून बोलायचे काम आमच्या गळ्यात पडले.

विषय सरळ आहे. दोन नाणी एकाच वर्षाची, एकाच टांकसाळीची, तरी ती वेगळी दिसतात. एकावर खूण आहे, दुसऱ्यावर नाही. एकावर अक्षर स्पष्ट, दुसऱ्यावर जाडे आणि दुहेरी. मग विकणारा म्हणतो, हा वेगळा प्रकार आहे, दुर्मीळ आहे, याचे इतके इतके पैसे द्या. बहुतेक वेळा तो वेगळा प्रकार नसतो. ज्या ठशाने ते नाणे पाडले तो ठसा म्हातारा झालेला असतो, एवढेच.

याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. तर आपल्या समाजातली अशी घरे थोडी आहेत का, ज्यांच्या देव्हाऱ्यात चांदीचे दोन-चार रुपये आणि शिंदेशाही पाव आणे नाहीत? लक्ष्मीपूजनाला ते बाहेर निघतात आणि पुन्हा डब्यात जातात. आता घरोघरी मोबाइल आला आणि त्यावर रोज कोणीतरी सांगते की अमुक पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंना असाच फोन आला. त्यांच्याजवळच्या नाण्यावर वर्षाखाली खूण नव्हती. समोरच्याने फोटो मागवला, मोठी किंमत बोलला आणि ‘नोंदणी’ म्हणून आधी काही रक्कम मागितली. मग ‘कर’ म्हणून आणखी. काकूंनी निवृत्तिवेतनातून दोन्ही भरले. पुढे फोन लागणेच बंद झाले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले होते की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत बँक पडत नाही, आणि तिच्या नावाने कोणी शुल्क वा कमिशन मागत असेल तर ती फसवणूक आहे. पण निवेदन वाचतो कोण? शिवाय काकूंच्या नाण्यावर खूण का नव्हती, हे कोणी त्यांना सांगितले असते तर त्या फोनवर बोलल्याच नसत्या. आज तेवढेच सांगायचे आहे.

आता ठसा म्हणजे काय ते पाहू. उदाहरण याच दिवसांतले आहे. खव्याच्या मोदकाचा साचा घ्या. पहिले दहा मोदक कसे निघतात? प्रत्येक कळी धारदार. मग कळ्यांच्या खाचांत खवा बसू लागतो. तिसाव्या मोदकाला दोन कळ्या बोथट, पन्नासाव्याला एक कळी नाहीशीच. साच्याला कडेला चीर गेली असेल तर प्रत्येक मोदकावर त्याच जागी एक बारीक उंचवटा येतो. साचा तोच, खवा तोच, आणि मोदकही एकाच प्रकारचे. पण कोणी पहिला आणि पन्नासावा शेजारी ठेवून म्हणाला की हे दोन वेगवेगळ्या साच्यांतले आहेत, तर न पाहिलेल्या माणसाला ते पटेलही.

नाण्याचे तसेच आहे. पोलादाच्या दोन ठशांमध्ये धातूची कोरी चकती ठेवतात आणि दाब देतात. ठशावर अक्षर खोल कोरलेले असते, नाण्यावर ते उठून येते. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच.

दाब पडला की चकतीचा धातू क्षणभर पिठाच्या गोळ्यासारखा वागतो आणि मध्यापासून कडेकडे सरकतो. सरकताना तो ठशाच्या पृष्ठभागावर घासतो. एका नाण्याने काही होत नाही. पण एकाच ठशाखालून हजारो, लाखो चकत्या जातात. मग ठशाच्या सपाट भागावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा पडतात. अक्षरांच्या कडा गोल होतात, आणि तेही कडेकडच्या बाजूने अधिक. त्यामुळे नाण्यावरची अक्षरे कडेकडे ओढल्यासारखी, विरघळल्यासारखी दिसतात. कधी अक्षराच्या बाजूला त्याची फिकी सावली उमटते, आणि मग लोक म्हणतात, डबल ठशाचे नाणे! कर्मशाळेत पत्रा दाबायच्या डायवर आम्ही हेच रोज पाहतो. फरक इतकाच की आमच्या वॉशरला कोणी दुर्मीळ म्हणत नाही.

झिजेबरोबर आणखी चार गोष्टी येतात. वंगण आणि धातूचा चुरा ठशाच्या खाचांत बसतो, मग एखादे टिंब किंवा आकडा नाण्यावर उमटतच नाही. ठशाला चीर जाते. तिच्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. ठसा ओलसर जागी राहून गंजला तर त्यावर खळगे पडतात आणि नाण्यावर जिथे नको तिथे टिंबे उठतात. आणि कारागीर ठसा पुन्हा घासून चकचकीत करतो, तेव्हा सपाट भाग खाली जातो आणि उथळ कोरलेले तपशील पुसले जातात.

आता आपल्या घरच्या नाण्यांकडे येऊ. शिवराई सगळ्यांना माहीत आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर ही परंपरा सुरू झाली आणि तांब्याची शिवराई पुढे पेशवाईतही पडत राहिली, इंग्रजी अमलातही बाजारात फिरत राहिली. हे नाणे यंत्राचे नाही, हातोड्याचे. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये तांब्याचा तुकडा, वरून घाव. घाव थेट सोसायचा तो वरच्या ठशाने, त्यामुळे तो आधी जायचा आणि खालचा टिकायचा. म्हणून एकाच खालच्या ठशाला दोन-तीन वरच्या ठशांची जोडी लागलेली सापडते.

शिवराईवर कुठे ‘शिव’ आहे, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. हे फरक खरे आहेत. कोरणारा कारागीर वेगळा, त्याची लेखनाची सवय वेगळी, कदाचित टांकसाळही वेगळी. पेशव्यांच्या काळात टांकसाळी चालवायचे परवाने खाजगी लोकांना दिले जात, तेव्हा प्रमाणलेखनाचा आग्रह कोण धरणार? मजकुराच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई हाही खराच वेगळा प्रकार. पण ‘वेलांटी नसलेली शिवराई’ म्हणून कोणी दाखवली की आम्ही आधी भिंग मागतो. वेलांटी कोरलीच नव्हती, की कोरली होती आणि ठशाच्या त्या कोपऱ्यात मळ बसला होता, की ठसा भरपूर मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान म्हणून ती बाहेरच राहिली? या तिसऱ्या कारणाने तर निम्मे वाद मिटतात. हातोड्याच्या नाण्यावर पूर्ण ठसा उमटलेला सहसा मिळतच नाही.

ग्वाल्हेरच्या शिंदेशाही रुपयांचे असेच आहे. मजकूर फार्सी, नाव दिल्लीच्या बादशहाचे, आणि कुठेतरी साप, भाला, धनुष्यबाण अशी खूण किंवा एखादे नागरी अक्षर. ‘जी’ असलेले रुपये घेऊन आम्ही एकदा पूर्ण दुपार घालवली. जनकोजीराव १८२७ ते १८४३, जयाजीराव त्यांच्यानंतर १८८६ पर्यंत. दोघांचीही नावे ‘ज’ने सुरू होणारी. आमच्यातले मास्तर म्हणत होते की एका रुपयावर नुसता ‘ज’ आहे, म्हणजे वेगळा प्रकार. सराफ म्हणत होते, वेलांटी झिजली. शेवटी तीन रुपये शेजारी ठेवले. तिघांवर बाकीचा मजकूर तसाच, एका फार्सी अक्षराच्या पोटातून गेलेली चीरही त्याच जागी. पहिल्यावर चीर केसाएवढी आणि वेलांटी ठळक. दुसऱ्यावर चीर लांब आणि वेलांटी फिकी. तिसऱ्यावर चीर कडेपर्यंत आणि वेलांटी गायब. एकच ठसा, तारुण्यापासून मरणापर्यंत. मास्तर गप्प झाले, पण चहा त्यांनीच पाजला. आम्हाला विचाराल तर ते तीन रुपये एकत्र मिळणे हे एखाद्या ‘नव्या प्रकारा’पेक्षा कितीतरी मोलाचे आहे, कारण एरवी ठशाचे आयुष्य असे समोर मांडलेले पाहायला मिळत नाही.

पुढे माधवराव महाराजांच्या काळात यंत्राने पाडलेले तांब्याचे पाव आणे आले. संवत १९७० चा, म्हणजे १९१३ सालचा पाव आणा अनेक घरांत आहे. त्यात जाड आणि पातळ असे दोन तऱ्हेचे मिळतात. तो फरक चकतीचा आहे, ठशाचा नाही. वजनकाट्यावर कळतो आणि खरा आहे. पण महाराजांच्या पगडीचे पेच पुसट आहेत म्हणून ‘दुसरी पगडी’ सांगणारे विक्रेते आम्ही मेळ्यात पाहिले आहेत. जिवाजीरावांच्या संवत १९८६ च्या पाव आण्याचीही हीच कथा.

इंग्रजी रुपयांत मात्र जरा जपून. १८६२ हे वर्ष असलेला व्हिक्टोरिया राणीचा रुपया बहुतेकांकडे असेल. वर्ष १८६२ असले तरी हे रुपये पुढे दहाएक वर्षे तसेच पाडले जात होते, आणि नेमके कधीचे ते कळावे म्हणून मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूला बारीक टिंबे घातली. ती टिंबे मुद्दाम घातलेली, अर्थ असलेली. म्हणून या रुपयाच्या बाबतीत टिंबे मोजणारा माणूस वेडा नव्हे. पण गंजलेल्या ठशाचे टिंबही टिंबच दिसते! ओळखायचे कसे? मुद्दाम घातलेले टिंब ठरलेल्या जागी, गोल आणि प्रमाणात असते, आणि तसलेच टिंब दुसऱ्या ठशांच्या नाण्यांवरही सापडते. गंजाचे टिंब वेडेवाकडे, कुठेही, आणि त्याच्या आजूबाजूला त्याची पिल्ले.

पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया तुम्ही ऐकून असाल, ‘डुकराचा रुपया’. बादशहाच्या झग्यावरच्या पदकमाळेत हत्ती होता, पण त्याची सोंड आणि पाय असे आखूड की लोकांना ते डुक्कर वाटले. मुसलमान समाजात नाराजी झाली आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला गेला. हा खरा, कागदोपत्री नोंद असलेला फरक. पण पुढच्या वर्षांतल्या झिजलेल्या रुपयांवर हत्तीची सोंड पुसट झाली की तोही डुकरासारखाच दिसतो. तेव्हा हत्तीकडे नंतर पाहावे, आधी वर्ष वाचावे.

आता काकूंचे नाणे. आपल्या आजच्या नाण्यांवर वर्षाखाली टांकसाळीची खूण असते. मुंबईची चौकट, म्हणजे पत्त्यांतली, हैदराबादची चांदणी, नोएडाचे गोल टिंब, आणि कोलकात्याची खूणच नाही. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, बाकी जुन्या. आता झिजेचा हिशेब लावा. मुंबईच्या चौकटीचे कोपरे ठशावर गोल झाले की ती नोएडाच्या टिंबासारखी दिसते. चौकटीची खाच वंगणाने बुजली की खूण नाही, आणि खूण नाही म्हणजे नाणे कोलकात्याचे वाटते. हैदराबादने काही काळ दुभंगलेली चौकट आणि पोटात टिंब असलेली चौकटही वापरली होती. तिच्यातली ती बारीक फट किंवा टिंब बुजले की साधी चौकट उरते, म्हणजे मुंबई! घरबसल्या तीन शहरांची यात्रा. एखाद्या वर्षी एखाद्या टांकसाळीने ते नाणे पाडलेच नव्हते असे यादीत असेल, तर असल्या नाण्याला लगेच ‘अज्ञात प्रकार’ म्हणून भाव चढतो.

त्यातून आपली नाणी पोलादाची झाली. गेंड्याचे पंचवीस पैसे आठवतात ना? ते १९८८ पासून स्टेनलेस स्टीलचे आले आणि जून २०११ अखेर चलनातून गेले. तांबे आणि चांदी मऊ, स्टेनलेस स्टील कठीण. कठीण चकती ठशाला जास्त छळते. आमच्या संग्रहातल्या एका गेंड्याचे शिंग जवळजवळ नाहीच. तो आम्ही हौसेने ठेवला आहे, पण ‘बिनशिंगी गेंडा’ म्हणून विकायला काढणार नाही.

हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत १९२२ साली एक सेंटची नाणी फक्त डेन्व्हरच्या टांकसाळीत पाडली गेली, आणि डेन्व्हरची खूण ‘डी’ हे अक्षर. तरी त्या वर्षाचे ‘डी’ नसलेले सेंट मिळतात. म्हणजे ती झिजलेल्या, बुजलेल्या ठशांचीच लेकरे, याबद्दल वादच नाही. त्याच टांकसाळीचे १९३७ चे पाच सेंटचे नाणे आहे, रानरेड्याचे. ठशावर ओरखडे आले म्हणून कोणी तो इतका घासला की रेड्याचा एक पाय गेला. तो तीन पायांचा रेडा आज मोठ्या किमतीला जातो. आणि १९५५ च्या सेंटमध्ये एक खरा दुहेरी ठसा आहे, जो ठसा बनवतानाच मूळ छाप दोनदा वेगवेगळ्या कोनांत बसल्यामुळे झाला. त्याच वर्षी झिजलेल्या ठशांचे शेवटचा आकडा दुहेरी दिसणारे सेंटही निघाले. त्यांना तिथले लोक ‘गरिबाचा दुहेरी ठसा’ म्हणतात आणि किंमतही गरिबाचीच देतात.

म्हणजे झिजेच्या नाण्याला कधीच पैसे मिळत नाहीत असे नाही. तीन पायांच्या रेड्याला मिळतात. पण तिथे कोणता ठसा, त्याच्या बाकीच्या खुणा कोणत्या, हे लोकांनी वर्षानुवर्षे अभ्यासून पक्के केले आहे. नुसता एक पाय नसून भागत नाही. बाकीच्या खुणाही जुळाव्या लागतात, कारण चौथा पाय कानशीने घासून काढणारे महाभागही आहेत. आपल्याकडे असा अभ्यास व्हायच्या आधीच भाव ठरतो. आमचे मत विचाराल तर रोग तिथे आहे. झीज हे ठशाचे वय आहे, नाण्याचे वाण नव्हे. वयाप्रमाणे नाणी लावून ठेवा, त्यांचा अभ्यास करा, जरूर करा. पण वय दाखवून वाणाचे पैसे घेऊ नयेत.

घरी पाहायचे असेल तर दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरते, सराफ वापरतात तसले. प्रकाश समोरून नको, बाजूने तिरपा घ्या. पहिला प्रश्न असा की जे वेगळे दिसते आहे ते उंच आहे की खोल? उंच रेघ असेल तर ती ठशावरून आली. खोल ओरखडा असेल तर तो बाजारात, खिशात किंवा कोणाच्या खिळ्याने झाला. त्याला प्रकार म्हणूच नका. दुसरे, झीज ठशाची की हाताची? हाताळून झिजलेल्या नाण्याचे उंच भाग आधी सपाट होतात, गाल, केस, पगडी. सपाट भाग आणि अक्षरांची मुळे त्या मानाने शाबूत राहतात. झिजलेल्या ठशाच्या नाण्यावर चमक कधी कधी पूर्ण असते, पण अक्षरांची मुळेच विरघळलेली आणि सपाट भागावर कडेकडे जाणाऱ्या रेषा, नारंगीच्या सालीसारखा खडबडीतपणा. खूण नसेल तर तिच्या शेजारचे आकडे पाहा. तेही फुगलेले, बोथट असतील तर खूण त्यांच्याबरोबरच गेली. आणि त्याच वर्षाची आणखी चार नाणी शेजारी ठेवल्याशिवाय काहीही ठरवू नका. एकट्या नाण्यावरून निकाल देणारा माणूस एक तर फार मोठा जाणकार असतो, नाहीतर विकायला बसलेला असतो.

जाता जाता भगिनींना एक विनंती. लक्ष्मीपूजनाच्या आधी देव्हाऱ्यातले जुने रुपये चिंच-मीठ लावून किंवा पितांबरीने घासू नका. आपण घासतो तेव्हा टांकसाळीने न केलेली झीज आपण करतो, आणि वर सांगितलेल्या खुणा त्यात पहिल्यांदा जातात. कोमट पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपले की देवालाही चालते.

काकूंचे ते नाणे आम्ही नंतर पाहिले. वर्षाचे शेवटचे दोन आकडे जाड, कडेकडे ओढलेले, आणि त्यांच्याखाली तिरप्या प्रकाशात चौकटीचा एक कोपरा, अगदी फिका. मुंबईचे साधे पाच रुपये. काकूंनी ते परत घेतले आणि पर्समध्ये टाकले.

ज्यांनी नाणी आणली असतील त्यांनी आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशेजारी यावे. भिंग आणि दिवा आम्ही आणला आहे. मात्र नाणी कागदात गुंडाळून आणा, हाताला प्रसादाचे तूप नको.